काळ्या कापडाची घडी

दादाचा फोन आला तेव्हा मी ग्रंथालयात एका जुन्या शब्दकोशावरची धूळ टिपत होतो. मुद्दाम ‘टिपत होतो’ म्हणतो, कारण पार्ल्याच्या या कॉलेजात मी गेली सत्तावीस वर्षं पुस्तकं सांभाळतो आणि त्यातल्या एकाही पुस्तकावर मी फुंकर मारलेली नाही. कोरडं मऊ कापड घ्यायचं, पुस्तकाच्या कण्याकडून कडेकडे हलक्या हाताने न्यायचं आणि धूळ लागली की कापड न झटकता त्याची घडी आत घालायची. ही सवय मला जिने लावली ती गेल्याचं दादा सांगत होता. “शैला गेली रे... जेवून आडवी झाली होती. चहा करून उठवायला गेलो तर...” मी हातातल्या कापडाची घडी आत घातली, ते खिशात ठेवलं आणि तसाच मुलुंडला निघालो. तिच्या घराचा जिना चढताना हात खिशात गेला, तेव्हा ते कापड अजून तिथेच असल्याचं लक्षात आलं.

याला आता दीड महिना झाला. शैलावहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. तिचं नाव कधी कुठे छापून आलं नाही आणि तसं काही तिच्या मनातही नव्हतं. मुलुंड-भांडुपच्या मधल्या एका कारखान्यात ती बत्तीस वर्षं कामाला होती. तिथे लहान मुलांना दुधातून किंवा पाण्यातून द्यायच्या पिठांचे पाउच भरले जात. वाचकांपैकी कुणाच्या तरी घरी, मूल लहान असताना, तिच्या नजरेखालून गेलेला एखादा पाउच नक्की आला असेल. कात्रीने कोपरा कापताना तो कुणी भरला, कसा भरला, याचा विचार कोण करतं? मीही केला नव्हता. करायची वेळ आली ती फार वाईट रीतीने आली, आणि तेव्हा मी जे बोललो त्याबद्दलच खरं तर मला लिहायचं आहे. पण आधी वहिनी कोण होती ते सांगायला हवं.

ती लग्न होऊन आमच्याकडे आली तेव्हा मी नुकता कॉलेजात जायला लागलो होतो. आई, दादा आणि मी, असं आमचं मुलुंडचं दोन खोल्यांचं घर. वहिनी बोरीवलीची. तिच्या वडिलांची तिथे पिठाची गिरणी होती. मूळचे मालवणकडचे, गिरणीशेजारच्याच खोलीत राहणारे. वहिनी लहानपणापासून गिरणीत उभी राहिलेली. आमच्या घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात आईने तिला दळण आणायला पाठवलं, तर ही डबा तसाच भरलेला घेऊन परत आली. आईने विचारलं, “गिरणी बंद होती का गं?” “नाही आई, आधी कुणाचीतरी बाजरी चालू होती. मागून आपले गहू टाकले तर पहिलं शेरभर पीठ बाजरीचंच यायचं. संध्याकाळी जाते.” आई माझ्याकडे बघून हसली. आम्ही आयुष्यभर दळण आणत आलो होतो आणि आपल्या आधी कुणाचं दळण होतं हे कधी विचारलं नव्हतं.

एकादशीच्या आदल्या दिवशी तिच्या वडिलांकडे राजगिऱ्याची आणि शिंगाड्याची दळणं यायची. तेव्हा ते गिरणी थांबवून जात्याची तळी उघडत, ब्रशने कोपरे काढत, मग गिरणी रिकामी फिरवत आणि पीठ पडतं त्या तोंडाला काळं कापड लावून बघत. कापड पांढरं झालं की पुन्हा ब्रश. कापड काळंच राहिलं की मगच उपासाचं दळण. मी एकदा तिला चिडवलं, “वहिनी, चिमूटभर गव्हाने उपास मोडल्याचं देवाला कळतं का गं?” ती म्हणाली, “देवाला चालेल हो भाऊजी. तो काय, सगळ्यांचंच खातो. पण ज्या बाईने डबा दिलाय तिला चालणार नाही, आणि डबा तिने माझ्या वडिलांच्या हातात दिलाय, देवाच्या नाही.”

पहिल्या संक्रांतीला आईने तिला काळी चंद्रकळा घेतली होती. हलव्याचे दागिने घालून काढलेला तिचा फोटो अजून दादाकडे आहे. त्याच वर्षी कधीतरी त्या साडीचा पदर खिळ्याला अडकून चांगला वीतभर फाटला. वहिनीने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी साडीचे हातरुमालाएवढे तुकडे करून, कडा दुमडून, शिवून टाकले. आई कळवळली. “अगं, संक्रांतीची साडी ती!” “आई, वर्षातून एकदा नेसून मिरवली असती. आता रोज हातात राहील.” ते तुकडे ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. डब्यांची झाकणं, चाळणीची कड, पोळपाट, सगळ्यावरून शेवटी एकदा काळं कापड फिरायचं. ते झटकायचं नाही, हा घरातला नियम. “झटकलं की ती धूळ घरातच राहते, फक्त आपल्याला दिसत नाही,” असं ती म्हणायची. मग पीठ लागलेली बाजू आत घेऊन घडी घालायची आणि ते कापड थेट पाण्यात भिजवायचं.

कारखान्यात ती लागली ती पाउच खोक्यांत भरायच्या कामावर. सात-आठ वर्षांत एका पूर्ण लाइनची जबाबदारी तिच्याकडे आली. एका वर्षी कामगारांच्या घरच्यांना कारखाना बघायला बोलावलं होतं, तेव्हा मीही गेलो. डोक्याला टोपी, बुटांवर पिशव्या. वहिनी नेहमीपेक्षा उंच वाटली. छापील प्लास्टिकचा मोठा रोल वरून सुटतो, एका पत्र्याच्या गळ्याभोवती वळून त्याची नळी होते, दोन गरम जबडे खालची बाजू चिकटवतात, वरून स्क्रू फिरतो आणि मोजून पीठ पडतं, मग जबडे वरची बाजू चिकटवून पाउच कापून टाकतात. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच पुढचा. मी म्हटलं, “किती सोपं आहे गं.” वहिनी हसली. “सोपं पाणी भरणं. पीठ पडलं की उडतं. उडालं की प्लास्टिकला चिकटतं. नेमकं जबड्याच्या जागी चिकटलं की तोंड नीट बंद होत नाही. दिसायला बंद, पण दाबलं की फुसकन उघडतं. म्हणून पीठ खाली बसेपर्यंत जबड्याला एक क्षण थांबवायचं, आणि उडालेलं ही नळी ओढून घेते.” पाउचच्या तोंडाशी एक बारकी नळी होती, व्हॅक्युम क्लीनरसारखी, सतत हवा ओढणारी. “आणि दुसरं, आधीच्या मालाचा कणही पुढच्या मालात जाता कामा नये. ते आमच्या गिरणीसारखंच.”

तेवढ्यात शेजारच्या लाइनवर परब नावाच्या ऑपरेटरने हवेचा पाइप उचलून मशीनवर झोत मारला. वहिनी तिथूनच ओरडली, “परबांनू, फुकतास कित्या? ती धूळ खंय जातली?” परब तिच्याच गावाकडचे, वयाने मोठे. ते म्हणाले, “बाई, हवेन पाच मिन्टांत होता. तुमच्या त्या नळयेन ओढीत बसलंय तर अर्धो तास.” “मग अर्धो तास! पावणे येतले म्हणान घरातलो केर सोफ्याखाली सारतास काय?” “मी नाय सारूक, बायल सारता,” परब म्हणाले, आणि दोन्ही लाइनींवरची माणसं हसली. पण परबांनी पाइप खाली ठेवला. कारखान्यात पुसायला घरचं कापड चालत नसे, त्याचे धागे सुटतात म्हणून. तिथे धागे न सोडणारं वेगळं कापड मिळे. तेही काळं असावं, ही मागणी वहिनीची. माल बदलला की पूर्ण मशीन साफ झाल्यावर ती स्वतः ते कापड कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवायची आणि मग तपासणीच्या कार्डावर सही करायची.

माझ्या लग्नानंतर मी आणि माझी बायको मेधा त्याच सोसायटीत, एक मजला वर राहायला गेलो. इरा झाली. ती वर्षाची होते न होते तोच कळलं की तिला दुधाची अ‍ॅलर्जी आहे. नुसतं पोट बिघडण्यातली नव्हे, तर चमचाभर दुधाने ओठ सुजायचे, श्वास अडकायचा. घरात सगळ्यांचीच झोप उडाली. दादा-वहिनीला मूलबाळ नव्हतं. इरा दिवसातला निम्मा वेळ खालीच असायची. वहिनीने तिच्यासाठी वेगळी भांडी केली, त्यांच्यावर ‘इरा’ असं नाव घालून आणलं. योगायोग असा की त्याच सुमाराला कारखान्याने तांदूळ आणि नाचणीचं, दूध अजिबात नसलेलं पीठ काढलं आणि ते वहिनीच्याच लाइनवर भरायला आलं. एक दिवस दुधाचं पीठ, मग साफसफाई, मग नाचणीचं. कामगारांना घरी न्यायला मिळणारे पाउच ती इरासाठी आणायची. “तुझ्या काकूच्या मशीनचं आहे हो हे,” असं म्हणत भरवायची. माझ्या बघण्यात तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद दुसऱ्या कशाने आला नाही.

इरा चार वर्षांची असताना, एका शनिवारी संध्याकाळी, वहिनीने नवा पाउच फोडून पेज केली आणि इराला भरवली. दहा मिनिटांत इराचा चेहरा ओळखू येईना. दादाने तिला उचललं, आम्ही रिक्षा केली... तो रस्ता मला आजही आठवतो आणि आजही त्याबद्दल लिहिता येत नाही. इस्पितळात इंजेक्शन दिलं, नळी लावली. तासाभराने डॉक्टर बाहेर आले. “आता धोका नाही. दुधाचं काही पोटात गेलं होतं का?” मेधाने सांगितलं, नवा पाउच फोडला होता, दुसरं काही नाही. सगळे वहिनीकडे बघायला लागले. मी आयुष्यात क्वचितच आवाज चढवला आहे, तेव्हाही चढवला नाही. मी शांतपणे म्हणालो, “वहिनी, यापुढे इराला तुझ्या हातचं काही देऊ नकोस.” ती म्हणाली, “नाही देणार, भाऊजी.” मग मेधाला म्हणाली, “तो पाउच फेकू नकोस. मला दे.”

पुढे काय झालं ते मला दादाकडून कळलं, तेही वर्ष उलटून गेल्यावर. पाउचवर भरल्याची वेळ छापलेली असते. सोमवारी सकाळी वहिनीने ती वेळ लाइनच्या वहीतल्या नोंदींशी ताडून पाहिली. त्या दिवशी माल बदलून, सफाई होऊन, नाचणीचं पीठ सुरू झालं आणि लगेच काही मिनिटांसाठी वीज गेली होती. वीज आल्यावरचे ते पहिले पाउच. वहिनी बराच वेळ मशीनसमोर नुसती उभी राहिली. मग तिने हवा ओढणारी ती बारकी नळी मुळापासून सोडवली आणि तिच्या आत काळं कापड घातलं. कापड पांढरं होऊन बाहेर आलं. नळी नेहमी ओढूनच घेणार, तिच्यातून काही परत खाली येईल असं कुणाच्या मनातच आलं नव्हतं. ब्रश बदलले, गाळणी बदलली, जबडे पुसले. धूळ ओढणारी नळी मात्र कुणी धुतली नव्हती. वीज गेली, हवा थांबली आणि नळीत साचलेलं दुधाचं पीठ अलगद पाउचच्या तोंडात उतरलं.

त्या मालाचा ट्रक दारात भरून उभा होता. वहिनीने आधी तो थांबवला आणि मग मॅनेजरकडे गेली. ते म्हणाले, “शैलाताई, तपासणीच्या कार्डावर तुमची सही आहे, कळतंय ना?” ती म्हणाली, “म्हणून तर मी आलेय.” सगळा माल परत उतरवला गेला. त्यातला एकही पाउच बाहेर गेला नाही... गेला होता तो एकच, आमच्या घरी. वहिनीला वर्षभर लाइनवरून काढून गोदामात बसवलं. ते वर्षभर तिने घरी कुणाला काही सांगितलं नाही, रोजच्या वेळी डबा घेऊन जायची आणि रोजच्या वेळी यायची. वर्षाने परत लाइनवर आली तेव्हा प्रत्येक मालाची नळी वेगळी, आणि वीज जाऊन आली की पहिले पाउच फेकायचे, हे दोन नियम तिने करून घेतले होते. दादाने मला हे सगळं सांगितलं तेव्हा आम्ही बोरीवलीला राहायला आलो होतो. मी लोकांना सांगायचो की पार्ल्याला जायला सोपं पडतं म्हणून आलो. दादाचं ऐकून मी “बरं” म्हणालो. तेवढंच.

वहिनीने माझा शब्द पाळला. इतका पाळला की बघवत नसे. आम्ही मुलुंडला गेलो की ती स्वयंपाक करायची, पण इराचं ताट मेधाने वाढायचं. पोरगी मांडीत येऊन बसली की वहिनी तिच्या केसांतून हात फिरवायची, पण समोर खाऊचा डबा उघडा असला तर दोन्ही हात पदराखाली घ्यायची. संक्रांतीला तर मला तिथे थांबूच नये असं वाटे. तिळगूळ कुणी स्वतःच्या हाताने घेत नाही, तो मोठ्यांनी हातावर ठेवायचा असतो. वहिनी आम्हा सगळ्यांच्या हातावर ठेवायची आणि इरासमोर ताटली धरायची. “तुझ्या हाताने घे हं बाळा.” इराला वाटायचं, काकूच्या घरची पद्धतच अशी आहे. एकदा ती शेजारच्या मैत्रिणीलाही ऐटीत सांगत होती, “आमच्यात आपापलं घ्यायचं असतं.”

इरा चौदा वर्षांची झाली तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा तपासण्या करून सांगितलं की आता तिला दूध चालेल. काही मुलांची ही अ‍ॅलर्जी वाढत्या वयात जाते. इराने त्याच रविवारी मुलुंड गाठलं. “काकू, मला आता सगळं चालतं! मला खरवस दे, श्रीखंड दे, जे असेल ते दे, तूच भरव.” वहिनीने डोळे पुसले, तिला जवळ घेतलं आणि विचारलं, “बाबांनी सांगितलं का?” “बाबांनी कशाला? डॉक्टरांनी सांगितलं.” “मला डॉक्टरांनी नाही म्हटलं नव्हतं गं.” इरा घरी आली ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली. “बाबा, तू काकूला काय बोलला होतास?” मी सांगितलं. तिने माझा फोन उचलून माझ्या हातात ठेवला. मग म्हणाली, “मग आता फोन कर ना. एक वाक्य तर आहे.” मी म्हणालो, “फोनवर नको, प्रत्यक्ष सांगतो.”

ते एक वाक्य सांगायला मी तीन वर्षं लावली. प्रत्येक वेळी मुलुंडला जाताना ठरवून जायचो. तिथे पोचलो की वहिनी हसतमुखाने दार उघडायची, दादा क्रिकेटचं काढायचा, चहा व्हायचा, आणि एवढ्या वर्षांपूर्वीची गोष्ट आता काढून तिला कशाला दुखवायचं, अशी मी माझी समजूत काढायचो. खरं म्हणजे दुखणार मलाच होतं. ती चुकली, तिने सोमवारीच कबूल केलं आणि चूक पुन्हा होणार नाही अशी व्यवस्था केली. मी त्यातलं काही केलं नव्हतं.

गेल्या संक्रांतीला आम्ही तिघं गेलो. वहिनी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, थोडी थकलेली दिसत होती. तिने दादाला, मेधाला, मला तिळगूळ दिला आणि नेहमीसारखी इरासमोर ताटली धरली. इराने ताटलीला हात लावला नाही. उजवा तळहात पुढे करून ती तशीच उभी राहिली. वहिनी म्हणाली, “घे ना गं.” इरा माझ्याकडे बघत नव्हती, पण ती कुणाची वाट बघते आहे हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. “काकू, माझा हात दुखायला लागला हं,” ती म्हणाली. मी उठलो. “वहिनी,” मी म्हणालो, “तिला तुझ्या हाताने दे. मी तेव्हा बोललो ते... ते मी बोलायला नको होतं.”

वहिनीने ताटली खाली ठेवली आणि आत गेली. आम्हाला वाटलं, रडायला गेली. नळाचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. ती बाहेर आली तेव्हा हातात चंद्रकळेचा तुकडा होता. तिने एकेक बोट त्याने पुसलं, तुकडा उलगडला आणि माझ्यासमोर धरला. सही करण्याआधी कारखान्यात धरायची तसा. मला त्याच्याकडे बघणं भाग होतं. कापड काळंच होतं. “बघितलंत ना भाऊजी?” “बघितलं गं.” मग तिने चिमूटभर हलवा आणि एक लाडू उचलून इराच्या तळहातावर ठेवला. इरा म्हणाली, “असा नाही. भरव.” वहिनीने भरवला. दादा उगाच खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

त्यानंतर इरा जवळजवळ दर रविवारी तिथे जेवायला जायची. आठ महिने... तेवढेच मिळाले. त्याआधीची तीन वर्षं मीच घालवली, हे मला आता कुणी सांगायची गरज नाही.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दादाने तो पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. “पुस्तकांना उपयोगी पडतील तुला. ती नेहमी म्हणायची, भाऊजींना द्या.” आत धुऊन, वाळवून, एकावर एक रचलेले चंद्रकळेचे तुकडे होते, इतक्या वर्षांत थोडे विटलेले, पण अजून काळेच. सगळ्यांत खाली एक तुकडा वेगळा ठेवला होता, आत घडी घातलेला. मी घडी उलगडली. आत पांढरट, खडबडीत असा बोटांचा पुसट डाग होता. साखरेचा. हलव्याचा. इराला भरवून झाल्यावर तिने बोटं पुसली असणार. सगळे तुकडे त्या त्या दिवशी भिजवणाऱ्या वहिनीने तो एक धुतला नव्हता.

डबा आता ग्रंथालयात माझ्या टेबलाच्या खणात आहे. वरचे तुकडे मी रोज वापरतो. खालच्याची घडी मी तशीच आत घालून ठेवली आहे. झटकलेला नाही.